हात नाडीवर, नजर छातीवर

३ तारीख, सोमवार

आणि हेही ऐकून ठेव दादा, आठवी नापास माणसाच्या हातात दवाखान्यात झाडूच देतात असं जे तू आईसमोर, वहिनीसमोर आणि सामान चढवणाऱ्या टेम्पोवाल्यासमोरसुद्धा छाती ठोकून सांगत होतास ना, ते आज पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलं. मला झाडू नाही मिळाला. मला घड्याळ मिळालं. खिशाला पिनेने लावायचं, उलटं लटकणारं. समोरच्याला उलटं दिसतं आणि मला सुलटं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझ्या बाजूने सुलटं आहे.

तू इथे नाहीस म्हणून भांडण वहीत करतोय. वही इथलीच, शंभर पानी. दिवसभरात काय पाहिलं आणि काय शिकलो ते रोज लिहायचं असा मोठ्या सिस्टरांचा हुकूम आहे. मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या वॉर्डच्या मुख्य, आणि सकाळी वर्गात शिकवतातही त्याच. म्हणाल्या, शुद्धलेखन मी बघणार नाही, पण खोटं लिहिलेल्याचा मला लांबून वास येतो.

कोर्सचं नाव रुग्ण सहाय्यक. सहा महिने. सकाळी वर्ग, दुपारनंतर वॉर्ड, महिन्याला विद्यावेतन. पास झालो की प्रमाणपत्र, आणि मग कुठल्याही दवाखान्यात माणूस म्हणून उभं राहता येतं. सात कामं सोडली म्हणून तू मला हिणवतोस. हिशेब नीट कर. चार मी सोडली, तिघांनी मला सोडलं.

खोली धुलाईघराच्या वर आहे. खालून वाफ येते, त्यामुळे फरशी कायम कोमट, उतू जाणाऱ्या भांड्याच्या झाकणावर झोपल्यासारखं वाटतं. खोलीत दोन खाटा. दुसऱ्या खाटेवर माझ्या आधीच्या तुकडीतला एक जण, त्याला सगळे शिक्का म्हणतात. कसलाही कागद द्या, हा संध्याकाळपर्यंत त्यावर सही-शिक्का आणून देतो. पोट सुटलेलं, तोंड चालू, मन मोठं. आल्या आल्या उकडलेली दोन अंडी पुढे केली आणि म्हणाला, इथे टिकायचं असेल तर प्रश्न कमी विचार आणि पाय जास्त चालव.

मला इथे आवडलंय. लिहून ठेव.

५ तारीख, बुधवार

आज वॉर्ड बघितला. एका लांब खोलीत बारा खाटा, समोरासमोर सहा-सहा. पश्चिमेला मोठ्या खिडक्या, दुपारभर भरपूर ऊन. इथले रोगी बरे व्हायला आलेले नाहीत, आणि मरायला पण नाहीत. ते नुसते आहेत. कुणाला अर्धांग, कुणी पडून मोडलेला, कुणाला आपलंच नाव आठवत नाही. प्रत्येकाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला. दिवसातून चार वेळा त्यात चार आकडे भरायचे. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास.

ताप, नाडी, दाब यांना यंत्रं आहेत. श्वासाला नाही. श्वास माणसानेच मोजायचा, पूर्ण एक मिनिट. आणि गंमत अशी की रोग्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो मुद्दाम वेगळा श्वास घ्यायला लागतो. मग करायचं काय? त्याचं मनगट धरायचं, नाडी बघतोय असं सोंग करायचं आणि गुपचूप छातीकडे बघत मोजायचं. मोठ्या सिस्टरांनी फळ्यावर लिहून दिलं, हात नाडीवर, नजर छातीवर. मला हे फार पटलं. सरकारमान्य लबाडी आहे ही.

वर्गात एकमेकांचे श्वास मोजले. माझे सतरा निघाले.

रात्रीचं जेवताना शिक्काला सांगितलं तर तो हसून हसून ठसकला. म्हणाला, येड्या, बारा खाटा, चार फेऱ्या, प्रत्येकी एक मिनिट, तुझी हाडं तिथेच झिजतील. सगळं जग अठरा श्वास घेतं. तो सोमवारी नवा तक्ता लागला की अख्ख्या आठवड्याचा श्वासाचा रकाना एकाच बैठकीत भरून टाकतो. अठरा, अठरा, अठरा, शाईने, रविवारपर्यंत. गेल्या तीन महिन्यांत कुणी विचारलेलं नाही.

मी म्हटलं, मी मोजणार. तो म्हणाला, तुझ्याआधी या खाटेवर असाच एक हरिश्चंद्र झोपायचा, तोही मोजायचा. त्याला दमा लागला आणि ट्रंक घेऊन घरी गेला.

लागू दे. मी मोजणार.

८ तारीख, शनिवार

नऊ नंबरच्या खाटेवर शिंपीकाका आहेत. जन्मभर कपडे शिवले. आता मेंदूत रक्त साकळून पडलेत, डोळे मिटलेले, बोलणं नाही, नाकातून नळी. त्यांची लेक सकाळी नऊला येते आणि संध्याकाळी सहाला जाते. नोकरी सोडून बसलीये. दिवसभर बापाचा हात हातात. मी तिला ताई म्हणतो, ती मला भाऊ म्हणते.

आज चारच्या फेरीला मी मनगट धरून मिनिटभर उभा राहिलो तेव्हा ती टक लावून बघत होती. नंतर म्हणाली, इतका वेळ कुणीच थांबत नाही भाऊ. मग बापाच्या गोष्टी निघाल्या. काका काम करताना ओठांत टाचण्या धरायचे, त्यामुळे आयुष्यभर नाकानेच श्वास घेतला, आणि नाकाचं हाड वाकडं म्हणून श्वासाबरोबर बारीक शीळ वाजायची. पोरं म्हणायची, शिंप्याच्या नाकात पोपट आहे. हल्ली तीन आठवडे ती शीळ वाजत नाही, म्हणजे सुधारणा असेल का, असं तिने विचारलं.

मला काय कळतंय. असेल म्हटलं.

श्वास अठरा. शिक्काची वाणी खरी ठरली.

१० तारीख, सोमवार

नवे तक्ते लागले. सहा खाटा माझ्याकडे आल्यात, सात ते बारा. मी शिक्काला माझ्या तक्त्यांना हात लावू दिला नाही, पण नऊचा त्याने आधीच भरून ठेवला होता. का बाबा, एवढी काय घाई, म्हटलं, तर इकडे तिकडे बघायला लागला.

मोजायला लागलं की माणसं कळतात दादा. सात नंबर खोकला की चोवीस, शांत असला की सोळा. दहा नंबरचे आजोबा लेकाचं पत्र आलं की वीस. बारा नंबरची आजी मला बघितलं की मुद्दाम श्वास रोखते, महाबेरकी. कुणाचाच आकडा दोनदा सारखा येत नाही.

नऊचा मात्र सारखा येतो. सकाळी वर्गाच्या आधी अठरा, दुपारी अठरा, चारला अठरा, साडेसहाला अठरा. घड्याळाचा काटा जिथे असेल तिथे श्वासही तिथेच. शिलाईच्या टाक्यांसारखा.

आणखी एक. नळीतून दूध द्यायच्या आधी पोटातलं थोडं पिचकारीने ओढून बघायचं असतं, आधीचं पचलं की नाही ते कळतं. मी ओढलं. सकाळचं दूध जसंच्या तसं परत आलं. फाटलेलं नाही, आंबलेलं नाही. थंड. जेवढं घातलं होतं तेवढंच.

१२ तारीख, बुधवार

नऊ नंबरची नाडी लागत नाही.

माझंच चुकत असेल म्हणून मनगटावर बघितलं, मानेवर बघितलं, कोपराच्या खोबणीत बघितलं. बोटाला लावायच्या चिमट्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. शिक्का म्हणाला, म्हातारी बोटं गार असतात, चिमटा पूस आणि कालचा आकडा लिही. ताप बघितला तर काकांच्या कपाळाचा आणि भिंतीचा आकडा एकच.

मोठ्या सिस्टरांना बोलावलं. त्या बिचाऱ्या तीस रोग्यांमागे धावतात, दोन मजले, हाताखाली माणसं चार. आल्या, दारातूनच काकांच्या छातीकडे बघितलं. छाती वर-खाली. म्हणाल्या, श्वास चाललाय ना? मग मेलेला आहे असं म्हणणं आहे का तुझं? मी म्हटलं नाही, पण. त्या म्हणाल्या, पण नंतर. डॉक्टर सोमवारी येतात, तक्ते बघून जातात.

मी बघतच राहिलो दादा. छाती खरंच वर-खाली होत होती. मी माझ्या डोळ्यांनी मोजत होतो. अठरा.

१४ तारीख, शुक्रवार

वर्गात पुन्हा एकमेकांचे श्वास मोजायचे होते. माझ्या जोडीदाराने दोनदा मोजले आणि मग सिस्टरांना हाक मारली. माझे अकरा भरले.

सिस्टर म्हणाल्या, पैलवान आहेस का? पैलवानांचे कमी असतात. सगळे हसले. मीही हसलो. पण जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. गोदामात मी पोती वाहिलीत दादा, तुला माहीत आहे. पाठीवर पन्नास किलो घेऊन असा कधी बसलो नव्हतो.

१५ तारीख, शनिवार

आज सकाळी शिक्काचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, तू झोपेत मेल्यासारखा पडतोस, मी तुझ्या नाकाखाली बोट धरून बघितलं, बराच वेळ काही लागलंच नाही. वर चिडून म्हणाला, असा झोपत जाऊ नकोस, दुसऱ्याच्या काळजाचा विचार कर.

चारच्या फेरीला बापाशेजारी बसलेल्या ताईकडे लक्ष गेलं. ओठ जांभळट. दोन शब्द बोलून थांबते. बापाचं मनगट धरल्याचं सोंग केलं आणि नजर तिच्या पदराकडे ठेवली. कुणाला न सांगता मोजायचं, हेच तर शिकवलंय.

नऊ. मिनिटाला फक्त नऊ.

शिक्काचे जेवताना मोजले. एकोणीस. ठणठणीत. तो कुणाचं मनगट धरतच नाही ना.

१७ तारीख, सोमवार

हे नीट लिहितो, कारण सिस्टर वाचणार आहेत.

डॉक्टर आले, तक्ते बघितले, गेले. त्यानंतर दोन वाजता मी नऊ नंबरचं मनगट धरलं. खिडकीतून लख्ख ऊन, समोरची आजी संत्रं सोलत होती. ताई जेवायला गेली होती. मोजता मोजता मला शिंक येईल असं वाटलं म्हणून मी श्वास रोखला.

काकांची छाती थांबली.

मी श्वास सोडला. छाती खाली गेली. घेतला, वर आली. पुन्हा रोखला, पुन्हा थांबली. मी दोन छोटे घेतले, तिने दोन छोटे घेतले.

मनगट टाकून मी हात धुवायच्या नळापर्यंत मागे सरकलो. चांगली वीस पावलं. तिथून श्वास रोखला. लांबून दिसलं, चादर हलायची थांबली. हात सोडून उपयोग नाही.

मग ताई आली, खुर्ची ओढली, हात हातात घेतला. मी श्वास रोखला. आता चादर हलत राहिली. माझ्याशिवाय. ताईच्या खांद्यांबरोबर.

म्हणजे असं आहे. जो शेवटचा हात धरतो, त्याच्या श्वासातून काकांचा जातो, दुसरा कुणी हात धरेपर्यंत. दिवसभर ताई धरते. साडेसहाची शेवटची फेरी माझी, म्हणून रात्रभर मी. त्यांचे अठरा पुरे करायला आमचे खर्ची पडतात, म्हणून आमचे आकडे घसरतायत.

माझे दात वाजत होते. भर दुपारी. आजी म्हणाली, संत्रं खा, रंग उडालाय तुझा.

१८ तारीख, मंगळवार

शिक्काला कोपऱ्यात घेतलं. कॉलर धरली, हो, धरली. तो रडला. एवढा मोठा पोटाचा माणूस, धुलाईच्या गाठोड्यावर बसून हमसून हमसून रडला.

महिनाभरापूर्वी एका गुरुवारी दोन वाजता त्याने नऊ नंबरला हात लावला होता. तो गार लागला. छाती बंद होती. पण तक्त्यावर अठरा आधीच लिहिलेला, रविवारपर्यंत, शाईने. मेलेल्या माणसापुढे पुढच्या तीन दिवसांचे श्वास. खोडायचं तर जबाब द्यावा लागला असता, प्रमाणपत्र गेलं असतं. घरी त्याची दोन लेकरं आहेत, तो इथे काय करतो ते त्यांनी वहीत चित्र काढून ठेवलंय. त्याने विचार केला, चारच्या फेरीला कुणीतरी बघेलच. चारच्या फेरीला माझ्या आधीचा तो हरिश्चंद्र होता. त्याने प्रामाणिकपणे मनगट धरलं, आणि छाती हलायला लागली. शिक्का म्हणतो, मला वाटलं, चला, मेले नव्हते म्हणायचे.

पोरगं ट्रंक घेऊन गेलं तेव्हा शेवटचा हात ताईचा होता. म्हणून ते वाचलं.

शिक्का म्हणाला, तूही जा. दुपारी ती हात धरून बसली की निघ. सुटशील.

मी विचार केला. खोटं कशाला लिहू, अर्धा तास विचार केला. पेटी खाटेखालून ओढलीसुद्धा. मग ती पायाने परत आत सारली. आपण सुटायचं आणि तिच्या गळ्यात घालायचं? हे काम मी सोडणार नाही दादा. मला पळपुटा म्हणणाऱ्या सगळ्यांना हे सांग, त्यात तूही आलास.

१९ तारीख, बुधवार

ताईला सांगितलं. तिने थोबाडीत मारली.

म्हणाली, माझ्या बापाला मारायला निघालात? घरचे सगळे हेच म्हणतात, किती दिवस बसणार म्हणून, आता तुम्हीही? बोलता बोलता तिला धाप लागली, आणि बापाची छातीही धापा टाकायला लागली. तेव्हा मी म्हटलं, मारा अजून, पण एकदा श्वास रोखून बघा.

तिने रोखला. रागाने, मला खोटं पाडायला. बघितलं.

मग खुर्चीत बसली. बापाच्या बोटांवरून बोट फिरवत राहिली, सुईचे घट्टे आहेत तिथे. शेवटी म्हणाली, म्हणून शीळ वाजत नव्हती. हा श्वास त्यांचा नव्हताच.

आजचे तिचे सात.

२० तारीख, गुरुवार

मी तक्त्यावर शून्य लिहिलं. मोठ्या सिस्टरांनी लाल पेनाने काट मारली. समोर छाती हलतेय आणि शून्य? वॉर्डात पुन्हा चेष्टा केलीस तर नाव काढून टाकीन म्हणाल्या.

बरोबर आहे त्यांचं. हलत्या छातीचं शून्य म्हणजे शिक्काच्या अठराइतकंच खोटं. शून्य मोजून दाखवावं लागेल. त्या समोर उभ्या, हातात घड्याळ, मनगट माझ्या हातात. आणि पूर्ण एक मिनिट छाती हलता कामा नये. म्हणजे एक मिनिट मी —

ताई म्हणाली, बाप माझा आहे, मी रोखते. तिने करून बघितलं. बारा सेकंदात डोळे फिरले.

मीच.

२१ तारीख, शुक्रवार

सिस्टरांच्या पाया पडलो. हो, मी. एक मिनिट मागितलं फक्त. आल्या, पुटपुटत आल्या.

धरलं मनगट. धरला दम.

वीस. तीस. सिस्टरांचं पुटपुटणं थांबलं. चाळीस. आजीच्या हातातला पेला थांबला. सत्तेचाळीसला माझी छाती फुटली. मी आ करून श्वास ओढला आणि त्याच क्षणी काकांनी आ केला. एवढा मोठा. बंद डोळ्यांनी. सिस्टर मागच्या खाटेवर आदळल्या.

म्हणाल्या, जिवंत आहे! बघ!

मग जाता जाता दारात थांबल्या. सत्तेचाळीस सेकंद, असं स्वतःशीच म्हणाल्या. मला म्हणाल्या, सोमवारी नवा तक्ता. नऊचा रकाना मी कोरा ठेवायला लावते. अकरा वाजता येते. एकदाच. पुन्हा नाही.

२२ तारीख, शनिवार

बादलीत तोंड घालून सराव. एकेचाळीस. अडतीस. चौतीस.

कमी होतंय. वाढायच्या ऐवजी. रात्रभर तो घेतो, सकाळी माझ्यात उरतच नाही.

ताईचे पाच. खुर्चीतच डोळा लागतो तिचा.

तिला सांगितलं, आज आता घरी जा, उद्या येऊ नका. हात मी धरतो. दोन्ही दिवस, दिवसरात्र माझ्याकडे राहू दे. तुम्ही नुसता श्वास घ्या. नाही म्हणत होती. मी म्हटलं, भाऊ म्हणता ना?

२३ तारीख, रविवार

जिना चढवत नाही. शिक्काने पाठीवर घेतलं.

आता मोजत नाही. मोजलं की कळतं.

शिंपीकाका, ऐका. तुमच्याशी माझं वैर नाही. तुम्ही तर कधीच — तुम्हाला अडकवून ठेवलंय एका आकड्याने. आकडा लिहिणारा माणूस असतो. खोडणारा पण माणूसच. बघतोच मी.

शिक्का विचारतो, भीती वाटत नाही का. वाटते. मग? भीती वाटली म्हणून हात सोडायचा असा नियम कुठल्या वहीत आहे?

उद्या अकरा.

२४ तारीख, सोमवार

झालं.

साठ. पुरे साठ. सिस्टरांनी मोठ्याने मोजले. पन्नासला सगळं काळं झालं, तरी सोडला नाही. सिस्टरांनी स्वतः लिहिलं — शून्य. शाईने. काकांचा हात आपोआप — माझ्या हातात — मऊ झाला. ताईने तोंडावरची चादर नीट केली. रडली. मोठ्याने. पोटभर श्वास घेऊन रडली. ऐकत राहावं असं.

पण साठ झाल्यावर — मला घ्यायचं आठवेना.

श्वास. तो येत नाही आपोआप. आणावा लागतो. एक. आता दुसरा.

ताईने पाठीत बुक्के मारले. तेव्हा आला.

मला सात नंबरच्या शेजारी झोपवलंय. सिस्टर हात धरायला आल्या. मी ओढून घेतला. कुणी धरायचा नाही. कुणीच नाही. हे सिस्टरांनी — तक्त्यावर लिहिलंय. मी लिहायला लावलं.

एका श्वासाला एक ओळ. असं जमतं.

झोपलो तर — घेणार कोण?

म्हणून झोपत नाही. बघू कोण थकतं.

शिक्काने सिस्टरांना सगळं सांगितलं. स्वतःहून. त्याच्या पोरांना कळवा — बाप खरं बोलला.

दादा, रागावू नकोस. मी पळालो नाही.

विद्यावेतन आलंय. पहिलं. कारकून खाटेपाशी घेऊन आला. सही केली. सुलटी.

सगळं पाठवतोय. ठेवून काय —

आईला म्हण, पोरगा शिकतोय.

मोजून घे दादा. नऊ हजार दोनशे —